नलूताई टप्पा सांगतात

"तुम्ही साचलात," नलूताई मला म्हणाल्या.

ही आमची पहिली भेट. दहिवलीच्या त्या इमारतीत आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो, सामानाचा टेंपो अजून खाली उभा होता, आणि वरच्या मजल्यावरच्या या बाई चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. मी गादीच्या वळकटीवर बसून हमालांना सूचना देत होतो. बाईंनी मला नीट न्याहाळलं, नोकरी विचारली. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, असं मी सांगितलं. शेवटचं नवीन काय शिकलात, असं त्यांनी विचारलं. मला आठवेना. मग त्यांनी निदान जाहीर केलं, "मध्यम वयाचा टप्पा. यात माणूस एक तर पुढच्यांना काहीतरी देतो, नाही तर साचतो. तुम्ही साचलात." माझी बायको खोक्यात कपबशा शोधत होती. ती शोधायची थांबली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही रोज येत जा."

आणि त्या खरंच रोज येऊ लागल्या.

नलूताईंचा विषय मानव विकास. गृहविज्ञानाच्या कॉलेजातून त्यांनी याच विषयात एम.एस्सी. केलं, तेही अशा काळात की कर्जतमध्ये मुलगी बी.ए. झाली तरी घरात पेढे वाटायचे. पाळण्यापासून काठीपर्यंत माणूस कसा घडतो त्याचं हे शास्त्र. मूल मान कधी धरतं, खोटं बोलायला कधी शिकतं, आईबापांची लाज कधी वाटू लागते आणि आठवण कधी येऊ लागते, सगळं त्यात येतं. पुढे पीएच.डी.लाही त्यांनी नाव घातलं होतं. तेवढ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला, नलूताई घरी परतल्या आणि खालापूर तालुक्यात अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून लागल्या, त्या निवृत्तीपर्यंत. चौक, लोधिवली, डोंगराच्या कडेच्या वाड्या, एसटी जाईल तिथवर एसटीनं आणि पुढे पायी.

लग्न राहून गेलं, असं त्या म्हणतात. पण ते कसं राहिलं ते त्यांनीच आम्हाला रंगवून सांगितलं होतं. बघायला आलेल्या मंडळींत मुलाच्या आईनं विचारलं, "एम.एस्सी. कशात?" नलूताईंनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाक येत असेल." तिथवर ठीक होतं. पण नलूताईंचं लक्ष मुलाकडे होतं. पोहे आवडले का म्हटलं तरी तो आधी आईकडे बघायचा आणि मग हो म्हणायचा. नलूताईंनी भर बैठकीत सांगून टाकलं, "काकू, मुलगा चांगला आहे, पण तो अजून तुमच्यापासून सुटा झालेला नाही. दुसऱ्या वर्षी व्हायला हवा होता." मंडळी पोहे अर्धवट टाकून उठली.

"वय सांगू नका, टप्पा बघू," हे त्यांचं पालुपद. वय कोणाच्याही आधार कार्डावर असतं, त्यात काय बघायचं, असा त्यांचा सवाल. खांद्याला कायम एक खादीची पिशवी. तिच्यात लाल लोकरीचा गोंडा, पितळेची घंटी, लाकडी ठोकळे आणि एक छोटा कप. बारशाला गेल्या की बाळंतिणीच्या हातात पाकीट द्यायच्या आधी बाळाच्या डोळ्यांपुढून गोंडा फिरणार. बाळानं नजर फिरवली की त्या खूश. एकदा एका बारशात बाळाऐवजी बाळाच्या आजोबांनीच गोंड्यामागे नजर फिरवली, तर नलूताई म्हणाल्या, "छान. तुमचंही छान आहे." सोसायटीतल्या लेकुरवाळ्या त्यांना जिन्यात बघून पोरांचे शेंबूड पुसायच्या, जणू शाळा तपासायला साहेब आलेत.

गणपतीत त्यांनी मुलांच्या संयमाची परीक्षा घेतली होती. मंडपात मुलांना ओळीनं बसवलं, प्रत्येकापुढे पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "मी येईपर्यंत जो खाणार नाही त्याला आणखी एक." आणि त्या पडद्याआड जाऊन बघत बसल्या. मुलांनी बऱ्यापैकी दम धरला. सोसायटीचे अध्यक्ष मात्र तिथून जाता जाता एक उचलून गेले. त्यांना मधुमेह होता आणि बायको समोरच आरतीचं तबक घेऊन उभी होती. त्या दिवसापासून अध्यक्ष नलूताईंना दुरून नमस्कार करतात.

हे सगळं मी हसत सांगतोय, आणि तेव्हा आम्ही हसायचोही खूप. आता सांगताना हसू पुरत नाही, कारण या सगळ्या धडपडीमागे त्यांना एकच गोष्ट हवी होती ती मी जवळून पाहिली. आपल्यामागून कर्जत-खालापूरच्या एका तरी मुलीनं हा विषय घ्यावा. एकच. दहा नकोत.

त्यासाठी दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या करिअर मेळाव्यात त्या स्वतःचं टेबल लावायच्या. मी आयोजकांत होतो, त्यामुळे टेबल मिळायचं. एका बाजूला नर्सिंग, दुसऱ्या बाजूला हॉटेल मॅनेजमेंट, समोर पोलीस भरती. तिन्हीकडे झुंबड. मधे नलूताई, स्वच्छ कॉटनची साडी, टेबलावर ठोकळ्यांचा मनोरा, मागे हातानं रंगवलेला फलक, 'मानव विकास: पदवीनंतरचं शिक्षण आणि नोकऱ्या'. पोलीस भरतीच्या रांगेतले पालक उन्हातून सावलीला म्हणून त्यांच्या टेबलाशी यायचे आणि सापडायचे.

"शिकून करायचं काय पन?" एकानं विचारलं.

नलूताईंचा चेहरा उजळला. बालमार्गदर्शन केंद्रं, दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग, अंगणवाडीचे प्रकल्प, पाठ्यपुस्तकं, खेळणी बनवणाऱ्या कंपन्या, वृद्धांसाठीचं काम, संशोधन, शिकवणं, असं सगळं त्या सांगत गेल्या. तो माणूस भला होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर हाय. पन सरकारी हाय का?"

"काही सरकारी, काही खासगी."

"मंग नाय जमायचं," तो म्हणाला आणि रांगेत आपली जागा गेली का ते बघायला धावला.

मग एका वर्षी मयूरी आली. पोशीरची, भातशेती असलेल्या घरातली. ती मुळात नर्सिंगच्या टेबलाकडे निघाली होती. नलूताईंचा मनोरा कुणाच्या तरी धक्क्यानं पडला आणि ती ठोकळे गोळा करायला वाकली. ते परत रचताना तिनं विचारलं, "लहान पोरं आधी पाडतात आनि मंग रचायला शिकतात, असं का?"

नलूताई त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं माझी बायको सांगते. आमच्याकडे आल्या आणि नुसतं तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत बसल्या.

पुढची वर्षं मयूरी मानसशास्त्रात बी.ए. करत होती आणि सुट्टीच्या दिवशी नलूताईंच्या घरी. दोघी मिळून अंगणवाड्यांत जायच्या. मुलांकडे बघायचं कसं, ते नलूताई तिला शिकवायच्या. आपण हात लावायचा नाही, आधी बसायचं, बघायचं, मूल काय करत नाही तेही बघायचं. मयूरीची नजर तयार होत गेली. एकदा आमच्याकडे पाहुणे आले असताना ती माझ्या बायकोच्या कानात म्हणाली, "काकू, ते काका सारखे पुढे वाकतात. त्यांना डाव्या कानानं कमी येतं." काका आमच्या घरी वीस वर्षं येत होते. आम्ही त्यांना हट्टी समजत होतो.

मयूरीला बडोद्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा नलूताईंनी स्वतःच्या पुस्तकांचं कपाट रिकामं केलं, पुसलं आणि पुस्तकं तिच्यासाठी दोन ढिगांत लावली. आता फक्त घरच्यांचा होकार बाकी होता. घरात शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा, आबांचा. आबा म्हणाले, त्या बाईला घरी आन, मला बघू दे पोरीला कोनाच्या भरोशावर धाडतो ते. म्हणून एका रविवारी मी नलूताईंना आणि मयूरीला गाडीत घालून पोशीरला निघालो.

नेरळ मागे टाकल्यावर मयूरी मागून म्हणाली, "ताई, एक सांगू? आज आमच्या घरात कोनाला टप्पा सांगू नका. आबा तापट हायत. एकदा नाय म्हनले की नायच."

"नाही सांगत गं."

"शप्पत?"

"शप्पत," नलूताई म्हणाल्या, आणि खादीची पिशवी पायाशी सरकवून ठेवली. मी आरशात पाहिलं. एवढ्या गंभीर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्या शब्दाला जागल्याही. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. आबांनी कॉलेजची, हॉस्टेलची, तिथल्या खाण्यापिण्याची चौकशी केली. नलूताई मोजकं, शहाण्या माणसासारखं बोलल्या. एकदाही कुणाचा टप्पा नाही. मयूरीची वहिनी आत-बाहेर करत होती. तिची मुलगी परी, सव्वादोन-अडीच वर्षांची, ओसरीच्या कडेला बाटल्यांची झाकणं एकावर एक ठेवत बसली होती. गोड पोर. आबा म्हणाले, "बोलत नाय अजून. हिचा बाप बी उशिराच बोलला." सगळे हसले, नलूताईही हसल्या.

मग आबांनी मांडीवर थाप मारली. "बडोदा लांब हाय. पन तुमच्यासारखी मानूस मागं हाय तर जाऊ दे पोरीला. शिकू दे."

मयूरीनं डोळे मिटले. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, जमलं बुवा.

त्याच वेळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दाराशी तिच्या कोपराचा धक्का लागून भिंतीवर टांगलेली सुपली आणि तिच्यामागची पितळेची परात खाली आली. परात फरशीवर आदळली तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. माझ्या हातातला पाण्याचा पेला सांडला. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. आबांच्या तोंडून शिवी गेली. परी परातीपासून चार हातांवर, पाठमोरी बसली होती. तिनं मान वळवली नाही. तिनं एक झाकण उचललं आणि दुसऱ्यावर ठेवलं.

बाकीच्यांनी परात उचलली, सांडलेलं पुसलं. नलूताई परीकडे बघत होत्या. मग त्यांनी मयूरीकडे पाहिलं. मयूरीनं अगदी थोडी मान हलवली. नको.

चहा आला. नलूताईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. आबा बडोद्याच्या गाड्या किती वाजता असतात ते मला विचारत होते. नलूताईंनी कप खाली ठेवला. पिशवीतून घंटी काढली, उठल्या, परीच्या मागे जाऊन खाली बसल्या आणि एका कानाशी वाजवली, मग दुसऱ्याशी. पोर आपल्या झाकणांत गुंग. मग नलूताई वहिनीकडे वळल्या.

"हिचे कान तपासून घ्या. लगेच. मुलगी फार हुशार आहे, सगळं बघून बघून शिकते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण तिला ऐकू येत नाहीये."

 मग आबा उठले.

"धडधाकट पोर आमची. आनि तुमी चा पिता पिता तिला बहिरी करून टाकली?"

"आबा, रागावू नका. आत्ता कळलं तर उपाय आहे."

"गावात कळल्यावर उद्या हिला कोन करंल? काय तोंड दाखवायचा आमी?" आबांचा आवाज चढला होता. मग तो एकदम खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. "हेच शिकवनार ना बडोद्याला? लोकांच्या वसरीवर बसून लोकांच्या पोरांत खोट काढायला? आमच्या पोरीला नको असला शिक्षान. चला, उठा तुमी."

मयूरी आत निघून गेली. वहिनीनं परीला उचलून घेतलं होतं आणि ती तिच्या कानाशी तिचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा.

परतताना मी गाडीत नलूताईंवर ओरडलो. आठवडाभर थांबता येत नव्हतं का? प्रवेश झाल्यावर फोन करून सांगता आलं नसतं का? एवढी मोठी बाई तुम्ही, एक गोष्ट पोटात ठेवता येत नाही?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लोधिवलीला होता एक मुलगा. मी नवीन होते. त्याची आजी फार फटकळ होती, म्हणून म्हटलं, पुढच्या भेटीत सांगू. पुढच्या भेटीला घर बंद. कामाच्या शोधात कुठे गेले होते. मला तो पुन्हा भेटला तेव्हा सात वर्षांचा होता, सर. एक शब्द नव्हता त्याच्याकडे. आणि तेव्हा शिकवायला घ्यायचं वय निघून गेलेलं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मी आज बसून राहण्याचा प्रयत्न केला. कप हातात घेतला होता मी."

नेरळ आलं तेव्हा त्या पुन्हा बोलल्या. "मयूरीलाही दिसलं होतं बरं का. मान हलवली ना, तेव्हा कळलं. कधीपासून दिसत होतं कोण जाणे. माझ्यापेक्षा चांगली नजर आहे तिची." हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला त्या कौतुकानंच भरून आलं.

प्रवेशाची मुदत निघून गेली. मयूरी एकदा येऊन गेली, नलूताई बाजारात गेल्यात हे बघून. वाचायला नेलेली पुस्तकं आमच्याकडे ठेवली. माझ्या बायकोला म्हणाली, "ताईंना सांगा, मला पन कळलं होतं. बडोद्याला पोचल्यावर वहिनीला पहिला फोन तोच करनार होती मी. सगळं ठरवलं होतं." आम्ही ते नलूताईंना सांगितलं. त्यांनी पुस्तकं छातीशी धरली आणि म्हणाल्या, "केला असता तिनं. नक्की केला असता." मग त्या वर गेल्या आणि कितीतरी दिवस आमच्याकडे चहाला आल्या नाहीत. मेळाव्यात त्या वर्षी त्यांचं टेबल नव्हतं. मी त्यांच्या जागी बँकिंगचं टेबल दिलं आणि तिथेही झुंबड झाली.

वहिनीचं मात्र कौतुक करायला हवं. आबांना न सांगता तिनं नवऱ्याला सुट्टी काढायला लावली, माहेरी जाते म्हणून निघाली आणि पोरीला मुंबईच्या दवाखान्यात नेलं. नलूताईंनी सांगितलं होतं तसंच निघालं. दोन्ही कानांना मशिनं लागली, बोलायची शिकवणी सुरू झाली. आबा रागावले, मग गप्प झाले, मग एके दिवशी स्वतः नातीला घेऊन शिकवणीला जाऊ लागले.

परवा रविवारी वहिनी परीला घेऊन नलूताईंकडे आली. आम्हालाही वर बोलावलं. आबांनी नव्या तांदळाची गोणी पाठवली होती. माफी वगैरे काही नाही, तांदूळ. परी घरभर हिंडली आणि प्रत्येक वस्तू आपटून तिचा आवाज ऐकत होती. पातेलं, चमचा, खिडकीचा गज. नलूताई तिच्या मागे गुडघ्यांवर सरकत होत्या, केस विस्कटलेले, साडीचा पदर खोचलेला. परीनं त्यांच्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "ई कोन?" दोन शब्दांचं वाक्य. नलूताईंनी ते आम्हाला तीनदा ऐकवलं, जणू आम्ही तिथे नव्हतो.

निघताना नलूताईंनी चपला सरळ करून देत सहज विचारलं, "मयूरी नाही आली?"

"कामावर हाय," वहिनी म्हणाली. "पळसदरीकडं त्या रिसॉर्टवर लागलीय. मुंबईची लोकं येतात ना, त्यांची पोरं सांभाळते. शनिवार-रविवार लई गर्दी असते." ती जरा घुटमळली. "आबा आता म्हनतात, जायचा असंल तर जा बडोद्याला. तीच नको म्हनते, ताई. मी लई समजावली. म्हनते, माझं मन उडालं."

"बरं," नलूताई म्हणाल्या. "तिला म्हणावं, पाण्याची बाटली नेत जा बरोबर. तिथे ऊन फार असतं."

दोघी जिना उतरून गेल्या. परीचा आवाज खालपर्यंत येत होता, प्रत्येक पायरीवर ती काहीतरी ओरडत होती. नलूताई कठड्याला धरून तो बंद होईपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"नलूताई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी उगाच ओरडलो. तुमचं बरोबर होतं."

"बरोबर होतं हो," त्या म्हणाल्या. "पण मला दोघी हव्या होत्या."